कोरडं घरचं, ओलं वाटेवरचं

डिंगोरे, ओतूर, मढ या पट्ट्यात कुणाच्या घरी जेवणाची चौकशी होते तेव्हा भाकरीचं नाव कुणी घेत नाही. ‘कोरड्यास काय केलंय?’ एवढंच विचारतात. भाकरी असणारच, ती गृहीत धरलेली. प्रश्न असतो तो तिच्या जोडीच्या ओल्याचा. शब्दाची फोड सरळ आहे: कोरड्याला लागतं ते कोरड्यास. एखाद्या पदार्थाचं नाव त्याच्या स्वतःच्या चवीवरून न पडता शेजारच्याच्या उणिवेवरून पडावं, असे शब्द आपल्या भाषेत थोडेच आहेत. ‘कालवण’ हा दुसरा शब्दही असाच. तो हाताच्या क्रियेवरून आला, आणि कालवायला आधी काहीतरी कोरडं समोर असावं लागतं. माझं म्हणणं असं, की या शब्दांत दिसणारी कोरड्या-ओल्याची फाळणी नुसती ताटातली नाही. जुन्नरच्या या खोऱ्यात ती वाटेवरची आणि गावातलीही फाळणी आहे. कोरडं ज्याचं त्याने घरून आणायचं आणि ओलं त्या जागेने द्यायचं, अशी वाटणी इथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर कोरलेली सापडते, आणि सप्ताहाच्या पंगतीतही दिसते. मधल्या काळात पदार्थ कितीतरी बदलले, वाटणी मात्र टिकली.

डिंगोरे आज कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर आहे. ओतुराहून माळशेज घाटाकडे जाताना ते लागतं. डांबरी रस्ता अलीकडचा, पण कोकणातून देशावर चढण्याची गरज फार जुनी. दक्षिणेला नाणेघाट, इकडे माळशेज, आणि मधल्या डोंगरांतून पायवाटा. बैलांच्या पाठीवर मीठ वर येई आणि धान्य खाली जाई. या वाटेने चालणारा माणूस काय खात असेल हे ठरवायला फार कल्पना लढवावी लागत नाही. बाजरीची भाकरी फडक्यात बांधली की एक-दोन दिवस निघतात. त्याहून लांबचा पल्ला असेल तर दुधात पीठ भिजवून दशम्या करायच्या. सोबत कांदा आणि एखादी कोरडी चटणी. शिदोरी म्हणतात ती एवढीच, आणि तिच्यातलं जवळजवळ सगळं कोरडं, कारण कोरडंच टिकतं आणि कोरडंच हलकं असतं. पाण्याचं तसं नाही. पखाल भरून न्यायची तर तिच्यासाठी वेगळं जनावर लागतं, आणि ते जनावरही पाणी पितं. घाट चढणाऱ्याला शिदोरी बरोबर नेता येते, पण तहान भागवायला वाटेवरच कुठेतरी सोय असावी लागते.

ती सोय कुणी केली हे इथल्या लेण्यांनी सांगून ठेवलं आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत आणि त्यांतल्या ब्राह्मी लेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: ‘पोढी’, म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचं एक लेणं दिलं, त्याबरोबर पोढीही दिली. ‘गत’ असं नाव लावणाऱ्या इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वा तशा परदेशी माणसाने, दोन पोढ्या दिल्या. मानमोडीच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा लेख आहे. तो वर्ष ४६ मधला, म्हणजे ते वर्ष शकाचं धरलं तर इसवी सन १२४ चा. त्यानेही दिलं ते पोढी आणि मंडप, पाणी आणि सावली. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेल्या पोढीचा लेख आहे. सोपारा हे खाली कोकणातलं बंदर. तिथल्या माणसाने घाटमाथ्याशी टाकं खोदवून घ्यावं यामागचं कारण त्याच्या व्यवहारातच असणार. त्याचा माल या वाटेने जात होता आणि त्याची माणसं या वाटेवर तहानेली होत होती. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेखात याच काळातला हाच विचार मोठ्या मापाने दिसतो. त्याने नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि ‘प्रपा’ उभारल्या. ही प्रपा म्हणजे आपल्या ‘पाणपोई’ या शब्दातली पोई. उन्हाळ्यात चौकात माठ मांडून त्याला पाणपोई म्हणणारा माणूस नकळत त्या लेखातलाच शब्द बोलत असतो.

जुन्नर-नाणेघाटच्या दात्यांच्या या यादीत पाणी आहे, सावली आहे, राहायची खोली आहे. शिजवलेलं अन्न मात्र जवळजवळ कुठेच नाही. पण एक अपवाद आहे, आणि माझ्या म्हणण्याला खरा आधार त्याचाच. शिवनेरीच्या लेण्यांत तेच ‘गत’ नाव लावणाऱ्या चिट नावाच्या एका यवनाने बौद्ध संघाला ‘भोजनमटप’ म्हणजे भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. जेवायला बसण्यासाठी खास जागा कुणीतरी बांधून द्यावी आणि त्याची नोंद दगडावर व्हावी, हे इथे का घडलं? भिक्खू हा शिदोरी नसलेला माणूस. त्याला घर नाही, त्याने अन्न साठवायचं नाही, आणि विनयाच्या नियमांनी त्याने स्वतः रांधायचंही नाही. ज्याच्याकडे कोरडंही नाही त्याच्यासाठी जागेला सगळंच द्यावं लागतं: अन्न, आणि ते वाढायला एकत्र बसायची जागाही. वाटसरूसाठी पोढी पुरते, भिक्खूसाठी भोजनमंडप लागतो. दोन्ही दानं एकाच तर्कातून निघाली आहेत. ज्याच्याजवळ जे असू शकत नाही ते द्यायचं. एका यवनाने भोजनमंडप द्यावा आणि त्याच ‘गत’ नावाच्या दुसऱ्याने पोढ्या द्याव्यात, ही जोडी मला फार बोलकी वाटते.

यावर एक सरळ आक्षेप येतो. हे दान वाटसरूसाठी नव्हतंच, ते संघासाठी होतं आणि पुण्यासाठी होतं. अयमाच्या लेखात तर ‘पुण्यार्थ’ असं स्पष्ट आहे. लेण्यांजवळच्या पोढ्यांपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. तिथलं पाणी आधी भिक्खूंचं होतं, आणि वाटसरूला ते मिळत असेल तर त्यांच्या हातून. पण नाणेघाटातली टाकी या आक्षेपात बसत नाहीत. तिथे मोठा विहार नाही. तिथे वाट आहे, आणि वाटेला लागून टाकी आहेत. पुण्याचा हेतू असला तरी पुण्य कशात आहे हे ठरवताना त्या काळच्या माणसाने पाणी निवडलं, ही गोष्ट उरतेच. दानाची इच्छा सगळीकडे सारखी असते. दान कशाचं करायचं हे मात्र त्या जागेची अडचण ठरवते.

नाणेघाटातल्या त्या मोठ्या दगडी रांजणाचं काय, असंही कुणी विचारेल. जकातीची नाणी त्यात पडत आणि त्यावरून घाटाला नाव मिळालं, असं प्रत्येक पुस्तकात आणि प्रत्येक फलकावर असतं. घाटावर जकात घेतली जात असणार यात शंका घेण्याचं कारण नाही. पण तिथल्या गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा जो प्रसिद्ध लेख आहे तो यज्ञांचा आणि दक्षिणेचा आहे. गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण मोजणाऱ्या त्या लेखात रांजणाचा उल्लेख नाही. रांजण ही वस्तू मराठी घरात आजही एकाच कामाची आहे, पाणी साठवण्याची. चढणीच्या माथ्यावर, टाक्यांच्या शेजारी रांजण दिसला तर त्यात पाणी होतं असं आधी म्हणावं आणि नाणी होती हे सिद्ध करण्याचा भार दुसऱ्या बाजूवर टाकावा, हे मला जास्त न्यायाचं वाटतं. सिद्ध दोन्हीपैकी काहीच करता येणार नाही. पण जकातीची गोष्ट इतकी रुजली आणि पाण्याची विसरली गेली, याचं कारण पुराव्यात नसून आपल्या आवडीत आहे. पैशाची गोष्ट ऐकायला माठाच्या गोष्टीपेक्षा रंगतदार वाटते.

आता दोन हजार वर्षांची उडी. इतिहासाच्या अभ्यासकाला ती न पटणं स्वाभाविक आहे. मधली शेकडो वर्षं लेखांनी भरून काढता येत नाहीत हे मान्यच करायला हवं. ताटातले पदार्थही तेच राहिलेले नाहीत. बाजरी फार जुनी, पण तिच्यासोबतची लाल मिरची सोळाव्या शतकाच्या आधी या देशात नव्हती. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांवर आली, आणि शेंगदाणाही मूळचा तिकडचाच. आजच्या जुन्नरी आमटीतून या दोन गोष्टी काढल्या तर ती कुणाला ओळखू येणार नाही. म्हणून एखादा पदार्थ सातवाहन काळापासून चालत आला असा दावा मी करत नाही आणि तो कुणी केला तर त्यावर विश्वासही ठेवू नये. मी वाटणीबद्दल बोलतो आहे. पाककृती एका पिढीत बदलते. कुणी काय आणायचं हा रिवाज मात्र तसा बदलत नाही, कारण तो एका घराच्या हातात नसतो.

हा रिवाज पाहायचा तर अखंड हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी पाहावा. काल्याचं कीर्तन संपतं आणि महाप्रसाद सुरू होतो. या तालुक्यात महाप्रसाद म्हटलं की बहुतेक वेळा आमटी-भाकरी. पूर्वेकडच्या आणे गावात रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीच्या यात्रेत तर आमटी-भाकरीच मुख्य, तिच्यासाठीच ती यात्रा दूरवर ठाऊक आहे. या जेवणाची रचना नीट पाहा. भाकरी घराघरांत थापली जाते. आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून फडक्यात बांधलेल्या, टोपल्यांत रचलेल्या भाकरी येतात आणि एका जागी ढीग होतो. कुणाची जाड, कुणाची पातळ, कुणाची एका कडेला करपलेली. घर बदललं की हात बदलतो आणि ते ढिगात दिसतं. आमटी मात्र कुणाच्या घरची नसते. ती गावाची असते. चर खणून केलेल्या चुलांगणावर मोठाल्या कढया चढतात. डाळ, मसाला आणि मीठ सगळ्यांच्या वर्गणीतलं, आणि ढवळणाऱ्याच्या हाती वल्ह्याएवढा उलथणा. पंगत बसली की आधी भाकरी येते. ती कुस्करून पत्रावळीवर गोल रचायची आणि मधे खळगा करायचा. याला आळं म्हणतात, झाडाला पाणी घालताना बुंध्याशी करतात तेच आळं. मग बादली आणि ओगराळं घेतलेला वाढपी येतो आणि त्या आळ्यात आमटी ओततो. पळसाच्या पानांच्या जुन्या पत्रावळीला ओलं धरून ठेवता येत नाही. जोडावरून ते झिरपतं. म्हणून ओल्याला भिंत घालायचं काम भाकरीच करते. घरून आलेलं कोरडं आणि गावाने दिलेलं ओलं पहिल्यांदा भेटतं ते त्या आळ्यात.

लेण्यांमधला एक तपशील इथे आठवतो. जुन्नरच्या एका लेखात धर्मकार्यासाठी दोन श्रेणींकडे पैसे ठेवल्याचं आहे: वसकार म्हणजे बांबूचं काम करणारे आणि कसकार म्हणजे काशाचं काम करणारे. भाकरीला टोपली लागते आणि कालवणाला धातूचं भांडं. हा माझ्या मुद्द्याचा पुरावा नव्हे, नुसता योगायोग असेल. पण कोरडं आणि ओलं ठेवायच्या वस्तू घडवणारे दोन्ही धंदे त्या काळच्या जुन्नरात पैसे सांभाळायला देण्याइतके भरभराटीचे होते, एवढं त्यातून नक्की कळतं.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, यात रिवाजाचं काही नाही, हा साधा हिशेब आहे. हजारो भाकरी एका ठिकाणी थापता येत नाहीत, आमटी एका कढईत शिजते. शिवाय ओलं स्वस्त असतं, पाणी वाढवलं की आमटी वाढते. यातला पहिला भाग खरा आहे आणि रिवाजामागे सोय असली म्हणून तो रिवाज राहत नाही असं नाही. दुसरा भाग मात्र या भूमीत खरा नाही. इथे पाणी कधीच स्वस्त नव्हतं. पश्चिमेला माळशेजच्या तोंडाशी पाऊस कोसळतो आणि तरी उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागतं, कारण काळा कातळ पाणी धरत नाही. पूर्वेला आण्याचं पठार तर अवर्षणाचंच. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पिंपळगाव जोग्याचं पाणी कालव्यातून धावू लागलं, ते परवा-परवा. बेसॉल्टमध्ये छिन्नीने टाकं खोदायला जी मेहनत आणि जो पैसा लागला असेल त्यात धान्याच्या कितीतरी गोण्या आल्या असत्या. पोढी देणाऱ्याने स्वस्तातलं दान निवडलं नव्हतं. आणि ज्या पठारावर पाण्याची सर्वांत टंचाई तिथली यात्रा आमटीची, ओल्याची असावी, याला मी हिशेब म्हणू शकत नाही. जे दुर्मीळ ते सगळ्यांनी मिळून द्यायचं, हीच त्यामागची समजूत दिसते.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो टाळून या विषयावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. जागेने ओलं दिलं म्हणता, पण कुणाला दिलं? मराठी मुलखात कित्येक शतकं कोरडं आणि ओलं यांच्यामधूनच जातीची रेघ गेली. परक्याला द्यायचा तो शिधा, म्हणजे न शिजवलेलं कोरडं. ते कुणाच्याही हातून कुणालाही चालतं. लाह्या, फुटाणे, चुरमुरे चालतात. पाणी लागलं, शिजलं, की विटाळ सुरू. अस्पृश्य मानलेल्या येसकराला घराघरांतून भाकरी मिळत असे, तो त्याचा हक्क मानला जाई, पण पाणी त्याच्या ओंजळीत वरून, अंतर राखून ओतलं जाई. कोरडं रेघ ओलांडू शकत होतं, ओलं नाही. म्हणजे ज्या वाटणीचा मी गौरव करतो आहे, तिच्याच आधाराने माणसांना दूर ठेवण्याची सर्वांत पक्की व्यवस्था उभी राहिली. वस्तू वाटेवरची, सगळ्यांची असली की तिच्यावर कुणाची मालकी हा प्रश्न येतोच, आणि ज्यांच्या हाती गाव होतं त्यांनी तो आपल्या बाजूने सोडवला.

म्हणूनच या अन्यायाविरुद्धचा लढाही पाण्यावरच झाला. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. डिंगोऱ्याशेजारचं ओतूर पुढच्या दशकांत सत्यशोधक चळवळीचं जोरकस केंद्र बनलं, तेव्हा हा विचार या खोऱ्यात परका राहिलेला नव्हता. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचं कागदावर आलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं. नंतर तिथल्या सवर्णांनी शेणगोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं, आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. महाडचा प्रश्न भाकरीचा नव्हता. भाकरी कुणीही आपल्या घरी थापू शकतो. तळं कुणाच्या घरचं नसतं, आणि म्हणूनच त्यावरचा हक्क हा माणूस म्हणून मोजलं जाण्याचा हक्क होता. आक्षेप खरा आहे आणि तरी तो माझं म्हणणं मोडत नाही, उलट त्याची किंमत सांगतो. ओलं जागेने द्यायचं असतं हे सगळ्यांना मान्य होतं, म्हणून तर ते नाकारणं एवढं जिव्हारी लागत होतं. जुन्नरच्या दगडावर मात्र जी नावं आहेत त्यांत यवन आहे, व्यापारी आहे, अमात्य आहे, आणि पोढीतून कुणी पाणी घेऊ नये असं सांगणारी ओळ त्या दानलेखांत नाही.

आज महामार्गावर, आळेफाट्यापासून वर घाटापर्यंत, खाणावळींच्या पाट्यांवर मासवडी असते. ही या भागाची खरी ओळख. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ, खोबरं, लसूण, कांद्याचं सारण भरून गुंडाळी करायची, माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या. नाव त्या आकारावरून, मांसाशी तिचा संबंध नाही. सोबत झणझणीत पातळ रस्सा. पैसे कशाचे लागतात ते इथे पाहण्यासारखं आहे. वड्या मोजून येतात आणि भाकरी मोजून. रस्सा बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. वाटी संपली की वाढणारा न विचारता पुन्हा भरतो. मिसळीच्या दुकानातही पावाचे पैसे, रस्सा मागाल तितका. धंदा करणाऱ्याने प्रत्येक गोष्टीची किंमत लावली आणि ओल्याची लावताना मात्र त्याचा हात थांबला. या खोऱ्याचा इतिहास जाणणाऱ्याला त्याचं नवल वाटणार नाही. बाटलीबंद पाण्याने हा संकोच मोडायला सुरुवात केली आहे, आणि ते मला धरणाच्या कोरड्या तळाइतकंच बोचतं. तरी अजून टेबलावर जग येतो, आणि त्याचे पैसे कुणी मागत नाही.

नाणेघाटात सुट्टीच्या दिवशी खालून चढून आलेली मुलं गुहेच्या सावलीत बसतात. पिशव्यांतून घरून आणलेलं काढतात: कुणाची पोळी-चटणी, कुणाची बिस्किटं, कुणाच्या आईने दिलेल्या दशम्या. मग एकजण रिकाम्या बाटल्या गोळा करून कातळातल्या टाक्याशी वाकतो आणि त्या भरून आणतो.